पिवळ्या रेघेच्या आत

ठकीच्या दंडावर तीन लाल गांधी उठल्या होत्या. एका ओळीत, टाके घातल्यासारख्या.

"डास असेल," सूनबाई म्हणाली. तिला कामावर जायची घाई होती आणि एक हात पिशवीत किल्ली चाचपत होता.

इस्त्रीबाईंनी नातीचा दंड खिडकीकडे वळवला. "डास ओळ धरून चावत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या. कारण पुढचं वाक्य त्यांना ठाऊक होतं.

इस्त्रीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. पहिली बारा इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून, आणि उरलेली त्या टेबलावर हुकूम चालवून. त्या धुलाईखान्याच्या फरशीवर एक वीतभर रुंद पिवळी रेघ होती. रेघेच्या अलीकडे वॉर्डातून आलेले मळके कपडे, पलीकडे धुतलेले. वाफेतून निघाल्याशिवाय एक चिंधीसुद्धा ती रेघ ओलांडायची नाही. एकदा एक बडे डॉक्टर बोलण्याच्या नादात बुटांसकट आत आले, तर इस्त्रीबाईंनी त्यांना आल्या पावली परत पाठवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत तो माणूस दारातूनच विचारायचा, "बाई, येऊ का?"

मुलाच्या घरी रेघ आखलेली नव्हती, पण होती. कोणत्या शाळेत नातीला घालायचं, पडदे कसले लावायचे, यात इस्त्रीबाईंना कोणी विचारत नसे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. स्वच्छतेत मात्र त्यांचा शब्द अखेरचा. म्हातारपणी माणसाला अशी एखादी जागा लागते, जिथे त्याच्यावाचून अडतं. इस्त्रीबाईंना तेवढी एकच होती. ती एक आणि दुसरी ठकी, जी रोज त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाला लावलेल्या छोट्या खाटेवर झोपायची आणि झोपेपर्यंत डोकं खायची.

त्यांनी पलंगावरची गादी उचलली. शिवणीच्या कडेला मोहरीएवढे काळे ठिपके होते. आणि ठिपक्यांच्या शेजारी तो स्वतः बसला होता. चपटा, तपकिरी, भाड्याने खोली घेतल्यासारखा निवांत.

"ढेकूण," इस्त्रीबाई म्हणाल्या. हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला.

सूनबाईने पिशवी खाली ठेवली. "आपल्या घरात?"

त्या दोन शब्दांनी इस्त्रीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी त्या शांतपणे विचार करणाऱ्या बाई. पण माणूस घाबरला की आधी बोट दाखवायला कोणीतरी शोधतो. त्यांचं बोट दिवाणखान्याकडे गेलं.

"ती खुर्ची," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

खुर्ची सूनबाईची होती. ती एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे नऊ-नऊ तास उभी असे. तीन आठवड्यांपूर्वी शेजारचं एक ऑफिस बंद होताना तिने तिथली जाड गादीची, उंच पाठीची खुर्ची पसंत करून आणली होती. लग्नानंतर त्या घरात तिने स्वतःच्या मनाने आणलेली ती पहिली वस्तू. संध्याकाळी घरी आली की घमेल्यात गरम पाणी घ्यायची, पाय त्यात सोडायची आणि खुर्चीत मान मागे टाकून वीस मिनिटं कोणाशी बोलायची नाही. त्या वीस मिनिटांत ठकीसुद्धा चवड्यांवर चालायची.

"अहो आई, मी तिला पुसून घेतलं होतं की."

"पुसून! वाफ दिली होतीस? दहा वर्षं कोण कोण बसलं असेल तिच्यावर, देव जाणे. बाहेरची वस्तू उचलली नि घरात आणली. आमच्याकडे असं कोणी केलं असतं ना, तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"हा धुलाईखाना नाहीये, आई."

"म्हणूनच ही पाळी आली."

मुलगा दोघींच्या मध्ये उभा राहून आळीपाळीने दोघींना मान डोलावत होता. लहानपणापासून त्याचं हे असंच. शेवटी त्याला जे सोपं वाटलं ते त्याने केलं. खुर्ची डोक्यावर घेऊन तीन जिने उतरला आणि खालच्या भंगाराच्या शेडमध्ये ठेवून आला. इस्त्रीबाईंनी पुठ्ठ्यावर मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहून दिलं, 'ढेकूण आहेत. हात लावू नये.' तो पुठ्ठा सुतळीने खुर्चीच्या पाठीला बांधला गेला. सूनबाई कठड्याशी उभी राहून बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

ठकीची खाट आईबापांच्या खोलीत गेली.

मग इस्त्रीबाईंनी पदर खोचला. चादरी, अभ्रे, पडदे, ठकीचा कापडी ससा, सगळं उकळत्या पाण्यातून निघालं. जे उकळता येत नव्हतं त्यावर वाफेची इस्त्री फिरली. गादीच्या शिवणींवर तर त्यांनी एवढी इस्त्री दाबली की खोलीला जळक्या कापडाचा वास सुटला. त्यांच्या तरुणपणी वॉर्डातल्या लोखंडी खाटा ओळीने अंगणात काढायच्या आणि सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. बाया गाणी म्हणत, एकमेकींच्या पायांवर पाणी उडवत ते करायच्या. ढेकणांची लाज अशी तेव्हा कोणाला वाटायची नाही. ते असायचे, जायचे, पुन्हा यायचे, पाहुण्यांसारखे. आता मात्र इस्त्रीबाईंनी भरदिवसा पडदे ओढून घेतले होते, आणि समोरच्या बाईंनी "काय हो, एवढी धुणी?" विचारल्यावर "ऋतू बदलला ना," असं त्या बोलून गेल्या होत्या. ऋतू तसाच होता.

गांधी थांबल्या नाहीत. आता त्या इस्त्रीबाईंच्या मानेवर उठत होत्या. चौथ्या दिवशी वैतागून त्या दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपायला गेल्या, आणि सातव्या दिवशी दिवाणाच्या फटीत ठिपके दिसले. मग त्यांना एका जागी बसवेना. चहा हातात घेऊन त्या घरभर फिरायच्या, तो निवायचा, ओतून टाकायच्या. जिथे काही चावलं नव्हतं तिथेही खाजायचं. उशीवर पडलेला जिऱ्याचा दाणा बघून त्या एकदा किंचाळल्या. घरात फक्त त्यांनाच शांतता नव्हती असं नाही. सूनबाई रोज संध्याकाळी मोरीत बादली पालथी घालून तीवर बसायची, घमेल्यात पाय सोडून, भिंतीकडे तोंड करून. इस्त्रीबाई दारावरून जायच्या नि मुद्दाम तिकडे बघायच्या नाहीत.

दहाव्या दिवशी मुलाने हात टेकले आणि फवारणीवाल्याला बोलावलं.

तो पन्नाशीचा, बुटका, पोटावर बॅटरी लटकवलेला गृहस्थ होता. दुपारची वेळ, घरात इस्त्रीबाई एकट्या. दार उघडताच तो हसत म्हणाला, "मावशी, खाली ती चिठ्ठी तुमच्या हातची का? अक्षर झकास आहे. पण बांधलीत चुकीच्या गळ्यात."

"म्हणजे?"

"खुर्ची उलटी-पालटी करून आलोय. शिवण, खिळे, खालचं कापड, सगळं बघितलं. ठिपका नाही, कात नाही, अंडं नाही. तिला उगाच वाळीत टाकलंत." तो खोलीत शिरलाही होता. "झोपायची जागा बदललीत का मधे?"

"तीन दिवस दिवाणावर."

"मग तुम्हीच नेलंत त्यांना फिरायला! अहो, ते जागेला चिकटलेले नसतात, माणसाला असतात. तुम्ही गेलात, ते आले मागनं. आता फवारल्यावर इथंच झोपायचं, याच पलंगावर. कोणी झोपलंच नाही तर ते बाहेर येणार कशाला, औषधावरून चालणार कशाला?"

"म्हणजे मी आमिष."

"मानाचं आमिष म्हणा हवं तर."

तो खिशातून एक जुनं पत्त्याचं पान काढून पलंगाच्या फटींतून फिरवू लागला. पायथ्याला काही नाही. मधे थोडे. उशाशी पुष्कळ. त्याने पान थांबवलं, बॅटरी भिंतीवर टाकली आणि हळूहळू वर नेली.

"वरून उतरतायत," तो म्हणाला. "तो फोटो केव्हा लावला?"

इस्त्रीबाईंनी बोटांवर दिवस मोजले. फोटो खुर्चीच्या आठ दिवस आधी आला होता.

फोटोत धुलाईखान्याच्या अकरा बाया होत्या, दारात उभ्या, बाह्या वर केलेल्या. मधोमध इस्त्रीबाई, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून चिमटा. कपडे वाळत घालताना दातांत चिमटे धरायची म्हणून ती चिमटा. दातांत चार चिमटे असले तरी तिचं बोलणं थांबायचं नाही, आणि ते सगळ्यांना कळायचंही. बेचाळीस वर्षांची मैत्रीण. दीड महिन्यापूर्वी ती गेली. तिचा भाचा खोली रिकामी करत होता, "मावशी, काय हवं ते न्या" म्हणाला, आणि इस्त्रीबाईंनी उशावरचा हा फोटो उचलून सरळ छातीशी धरला, घरी आणला, खिळा ठोकला. वाफ नाही, फडकं नाही, काही नाही. रोज सकाळी काच पुसायच्या. खिळ्यावरून मात्र तो कधी उतरवला नाही. चिमटा रेघेच्या आतली होती. तिच्याकडून आलेलं काही मळकं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"सरा बाजूला, मी काढते," त्या म्हणाल्या.

फोटोची मागची बाजू काळी पडली होती. पुठ्ठा आणि लाकूड यांच्यामधली सगळी फट भरलेली.

आणि मग त्यांना ते आठवलं, जे इतके दिवस आठवत नव्हतं. शेवटच्या महिन्यांत चिमट्याला दिसायचं बंद झालं होतं. इस्त्रीबाई दर आठवड्याला भेटायला जायच्या आणि ती सारखी हात खाजवत असायची. "अगं, झोप नाही लागत. अंगावर काहीतरी चालतं." आणि इस्त्रीबाईंनी, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींवरचे डाग वाचलेल्या बाईने, म्हटलं होतं, "म्हातारपणाची कातडी ती. तेल लाव." दंडावरच्या गांधी ओळीत होत्या. त्यांनी बघितल्या होत्या, आणि बघितल्या नव्हत्या.

फवारणीवाल्याने फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधलं. मग दोन तास फवारणी चालली, आणि इस्त्रीबाई जिन्यात पायरीवर बसून उठत, उठून बसत राहिल्या. शेवटी त्याने एक छापील कागद काढला.

"'मूळ जागा' असा रकाना आहे. काय लिहू?"

"लिहायलाच हवं?"

"रकाना रिकामा चालत नाही. बाकी हे वाचतं कोण म्हणा."

इस्त्रीबाईंनी गळ्यावरची गांध खाजवली. "पलंग लिहा," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. पलंगावरही होतेच की.

त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि लिहिलं. "पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. तोवर पोरीला या खोलीत आणू नका. आणि फोटोचं काय ते ठरवा. बहुतेक लोक फेकतात."

संध्याकाळी सूनबाई आली. चपला काढायच्या आधीच तिने दारामागे लावलेला फवारणीचा कागद वाचला. "पलंग," ती म्हणाली, आणि थकलेल्या आवाजात पुढे म्हणाली, "म्हणजे खुर्चीतून पलंगात शिरले. तुमचंच बरोबर होतं, आई. मीच उगाच ऐकलं नाही. ठकीच्या हाताकडे बघितलं की मलाच माझी लाज वाटते."

ती मोरीत गेली. बादली पालथी घातल्याचा आवाज आला.

इस्त्रीबाई स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या. खिडकीशी गेल्या, परत आल्या. एवढ्या मोठ्या घरात उभं राहायला जागा सापडेना. मग त्या मोरीच्या दारात जाऊन थांबल्या.

"खुर्चीत एकही नव्हता," त्या म्हणाल्या.

सूनबाईने मान वळवली.

"त्याने तपासली. स्वच्छ आहे. माझ्या फोटोत होते. चिमट्याकडून आणलेल्या. मी आणला तो, वाफ न देता. तुझ्या खुर्चीच्या आधी आठ दिवस." आवाज त्यांना स्वतःचा वाटेना. "आणि कागदावर पलंग मीच लिहायला लावलं."

नळ ठिबकत होता. सूनबाईने घमेल्यातून पाय बाहेर काढून फरशीवर ठेवले.

"दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवस मी या बादलीवर बसतेय. दुकानात मला कोणी विचारलं, पाय का सुजलेत, तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांग."

"नाव काय सांगू! तुम्ही मला लेकीच्या देखत..." ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण रागाने. "आणि ती चिठ्ठी. सगळी इमारत वाचत होती ती चिठ्ठी, आई."

"म्हणून तर खुर्ची कोणी नेली नाही," इस्त्रीबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

सूनबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की आता काही खरं नाही. मग तिच्या नाकातून एक आवाज निघाला, हसू की हुंदका ते तिलाही कळलं नसावं. तिने पाय पुसले. "चला," ती म्हणाली. "एक बाजू तुम्ही धरा."

तीन जिने, दर जिन्याला दोनदा थांबत, खुर्ची वर आली. चिठ्ठी इस्त्रीबाईंनी खालीच सोडून फाडली, बारीक बारीक तुकडे करून. दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत खुर्ची टेकवली आणि त्या आतून वाफेची इस्त्री घेऊन आल्या.

"आता कशाला? त्यात नाहीत म्हणाला ना?"

"रेघेच्या आत यायचं तर वाफ. कोणीही असो." त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पहिल्या शिवणीपासून सुरू झाल्या. "आणि आत दुसऱ्या फवारणीनंतरच. तोवर इथे बस."

"आणि फोटो? फेकताय?"

इस्त्रीबाईंचा हात थांबला.

"आमच्या दुकानातली कितीतरी औषधं गोठली की मरतात, कामाची राहत नाहीत," सूनबाई म्हणाली. "हे ढेकूण का नाही मरणार? बर्फाच्या कप्प्यात ठेवू. पिशवी आणखी एक घालून. चौकट नंतर फेकू, बायका ठेवू."

ठकी उंबरठ्यावर येऊन उभी होती. पाय बरोबर आतल्या बाजूला. आजीची नात ती. "आजीच्या मैत्रिणींना थंडी वाजेल."

"त्यांना सवय आहे," इस्त्रीबाई म्हणाल्या. "जन्म वाफेत काढलाय त्यांनी. जरा गारवा मिळू दे."

"मी आज तुझ्याकडे झोपू?"

"पंधरा दिवस नाही."

"मग तू एकटी?"

"मी एकटी नाहीये गं, तीच तर पंचाईत आहे."

सूनबाई खुर्चीत बसली. गादी अजून उबदार, दमट होती. तिने मान मागे टाकली, डोळे मिटले. इस्त्रीबाईंनी मोरीतली बादली आणून शेजारी पालथी घातली आणि तीवर टेकल्या. वीस मिनिटं कोणी बोलायचं नव्हतं. खाली कोणीतरी सायकल लावत होतं. त्यांचा हात आपोआप कोपराकडे गेला.

"खाजवू नका," सूनबाई डोळे न उघडता म्हणाली. "काही नाहीये तिथे."

"आहे."

सूनबाईने डोळे उघडले, त्यांचा दंड आपल्याकडे ओढला, जिन्याच्या दिव्याकडे वळवला आणि नीट, बोटाने चाचपत, सगळा बघितला.