तारबाबाचा अडखळणारा आत्मा

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढलेले, पंखा बंद, घामाचा वास कोंडलेला, आणि एवढी सगळी माणसं एका कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसलेली. होय, कॉम्प्युटरसमोर! त्याच्या पाठीतून निघालेली टेलिफोनची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती, आणि त्या वायरीवरून म्हणे मेलेली माणसं बोलायला येत होती.

टूंऽऽ... चिर्रर्र... खर्रर्र... डबा किंचाळला. इंटरनेट जोडताना घरोघरी ऐकू येते तीच ही किंकाळी.

"आलं! दार उघडलं!" तारबाबाने डोळे फिरवले. "बाळांनो, ही परलोकाच्या दाराची बिजागरी करकरते आहे. माणसाच्या हाताने तेल घालता येत नाही तिला!"

पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देऊ लागल्या.

हा तारबाबा पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुरुस्त म्हणजे एक बिघाड काढून दोन घालायचा. गिऱ्हाइकं तुटली तशी याने दाढी वाढवली, पांढरे कपडे चढवले आणि थेट परलोकाशी लाइन जोडली. दुसरा कोणी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी सख्खी ताई त्याच्या नादी लागली होती.

भाऊजी गेल्या वर्षी अपघातात गेले. त्यांची मुलगी चिमी सात वर्षांची. तिला फिट्स येतात आणि रोज दोन वेळा गोळी घ्यावी लागते. त्या गोळ्या ताईने बंद केल्या होत्या. का, तर मेलेल्या नवऱ्याने कॉम्प्युटरमधून सांगितलं म्हणून! परिणाम व्हायचा तोच झाला. आदल्या दिवशी चिमी शाळेच्या व्हरांड्यात धाडकन पडली. मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिचे आवळलेले दात आणि फरशीवर आपटणारं डोकं मी डोळ्यांनी पाहिलं.

"अगं, ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी घरी जाऊन ओरडले.

"आधी त्रास वाढेल, मग कायमचा जाईल, असं सांगितलंय त्यांनी."

"कोणी? भाऊजी गेलेत, ताई!"

"वेडाबाई म्हणाले मला ते! आमच्या दोघांतलं हे नाव कोणाला माहीत होतं? तुला तरी माहीत होतं का?"

नव्हतं. मग तीच डोळे पुसत म्हणाली, "फार दमले होते गं. पडद्यावर त्या चांदण्या गरगरायला लागल्या की गो-गो-गोळ्या असे अडखळायचे. बाबा म्हणाले, आत्मा थकला की चांदण्या दिसतात."

मी कान टवकारले. भाऊजी आयुष्यात कधी अडखळले नव्हते. पण आमच्या शाळेतले कॉम्प्युटर मात्र रोज अडखळतात. त्यांत टेलिफोनची लाइन जोडणारं स्वस्तातलं मोडेम कार्ड आहे. महागड्या मोडेमला स्वतःचा मेंदू असतो. या कार्डाला तो नाही. आवाज करणं, ऐकणं, साठवणं, सगळं काम कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरने करायचं. कार्ड नुसतं बसून खाणार. म्हणून पोरांनी एखादा गेम उघडला रे उघडला की कॉम्प्युटर त्यात गुंततो आणि मोडेमची बोबडी वळते. गरगरणाऱ्या चांदण्या म्हणजे तरी दुसरं काय? कीबोर्डला बराच वेळ हात लागला नाही की आपोआप सुरू होणारं चित्र, म्हणजे कॉम्प्युटरला आणखी एक काम!

म्हणून मी आज ताई आणि चिमीबरोबर आले होते.

तारबाबाचा एक नियम होता. मृत्यूची तारीख घरच्यांनीच कीबोर्डवर दाबायची, त्याशिवाय लाइन लागत नाही. दुसरा नियम, आत्म्याला इथे प्रश्न विचारायचे नाहीत. काय विचारायचं ते आधीच त्याच्या नंबरवर फोन करून, शिट्टी वाजली की बोलायचं. "निरोप वर जातो," असं तो सांगायचा.

ताईची पाळी आली. "आज मी दाबते," म्हणत मी खुर्चीत बसले. तारीख दाबली. किंकाळी झाली आणि घोगरा आवाज आला. "वेडाबाई... गोळ्या देऊ नकोस... पोरीला माझ्यावर सोड..."

ताईने तोंडात पदर कोंबला. मी भराभर बटणं दाबून एकामागून एक प्रोग्रॅम उघडत सुटले.

"गो-गो-गो-ळ्या... दे-दे-दे..."

"काय करतेस, बाळ?" तारबाबा खेकसला. "आत्म्याला यातना होताहेत!"

"हो का? थांबा, बरं करते त्याला." मी प्रोग्रॅम बंद केले. आत्मा घडाघडा बोलू लागला. पुन्हा उघडले. पुन्हा तोतरा! मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग मी हात मागे घालून टेलिफोनची वायर उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"...पोरीला माझ्यावर सोड," आत्मा म्हणतच राहिला.

"वायरीवरून येतो ना हा? मग आता कुठून बोलतोय?"

"तो आधीच आत आलेला आहे!" तारबाबा माझ्या अंगावर धावला, पण पुढच्या रांगेतल्या पोस्टमनकाकांनी त्याचा दंड धरला. "थांबा हो बाबा. बघू द्या तिला."

मी पडद्यावर मोडेमचं सॉफ्टवेअर उघडलं. मोडेम फोन उचलतो, शिट्टी वाजवतो, निरोप साठवून ठेवतो. त्या साठवलेल्या निरोपांत ताईच्या घरचा नंबर होता. मी बटण दाबलं आणि खोलीभर ताईचा रडका आवाज घुमला.

"अहो... मला एकदा वेडाबाई म्हणा ना. चिमी गोळ्यांनी दिवसभर पेंगते हो. बघवत नाही. बंद करू का गोळ्या? तुम्ही सांगाल तसं करीन..."

शी! माणसाने किती खालच्या थराला जावं! बाई नवऱ्यासाठी रडते, हा ते रडणं साठवतो, मग स्वतःच्या घोगऱ्या आवाजात तेच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवतो आणि तारीख दाबली की तिला परत ऐकवतो. तिला जे ऐकायचं होतं तेच सांगितलं की बाबा खरा! मध्ये एका लेकराचा जीव गेला असता तरी याची दाढी हलली नसती.

पोस्टमनकाका हळूच म्हणाले, "म्हणजे आमची ही पण..."

"त्याही आल्या नव्हत्या, काका. तुम्ही फोनवर बोललात तेच तुम्हाला परत मिळालं."

त्यांनी तारबाबाचा दंड सोडला आणि हात शर्टाला पुसला. कोणीतरी पडदे सरकवले. उजेडात तो कॉम्प्युटर अगदीच कळकट दिसत होता.

लोकहो, दुःख झालं तर रडा, माणसाच्या खांद्यावर रडा. पण कोणी चमत्कार दाखवला तर त्याची मागची बाजू बघायला मागा. बघू देत नसेल तर तिथून उठा. आणि औषधाचं डॉक्टरांना विचारा. मेलेल्यांना नको, त्यांच्या दलालांना तर नकोच.

बाहेर आल्यावर मी चिमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी शिव्याच घातल्या आणि चिमीला ताबडतोब घेऊन यायला सांगितलं. ताई तिला कडेवर घेऊन माझ्याबरोबर झपाझप चालत होती. कोपऱ्यावर ती एकदम थांबली.

"अगं, हे तर चिमीच्या गोळीची वेळ झाली की हातातलं काम टाकून उठायचे. एकदाही चुकवली नाही त्यांनी," ती म्हणाली. "तिथे ऐकताना मला हे का गं आठवलं नाही?"