शेजारी कोण झोपतं?

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर वजनकाटा सांभाळणारा भीमसिंग डुलकी लागून स्टुलावरून खाली पडला. २००६ चा डिसेंबर. फाटकाबाहेर गाड्यांची रांग.

"उठा महाराज, आरती झाली!" हमाल श्रावण ओरडला. सगळे हसले. भीमसिंग उठला नाही. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं.

केंद्रप्रमुख नंदकिशोर यांनी दुपारीच निलंबनाचा प्रस्ताव वरच्या कार्यालयाला धाडला. कारण : कामावर मद्यपान. तोंडाचा वास कोणीच घेतला नव्हता. बंजारा तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर तेवढी तसदी कोण घेणार!

दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारी नोटीस घेऊन ते वॉर्डात पोचले. भीमसिंग शुद्धीवर होता, पण यंत्राच्या पडद्यावर ठोके वेडेवाकडे पडत होते. त्याच्या हृदयाचा स्नायू कमजोर असल्याचं तीन वर्षांपूर्वीच निघालं होतं. गोळ्या चालू होत्या. डॉ. भैरवी त्याच्या भावाला, भावसिंगला, विचारत होत्या, "रात्री झोप कशी लागते?"

"एकदम पक्की, मॅडम. घोरणं शेजारच्या घरात आयकू येते!"

"तुम्ही जवळ झोपता?"

"मी कायले? वहिनी रायते."

"त्या कुठे आहेत?"

"बाहेर. दर वेळी बाहेरच बसते. बाईले काय समजते?"

डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. डबा मांडीवर धरून रुपीबाई व्हरांड्यात बसली होती.

"घोरता घोरता श्वासच बंद होते, बाई," ती म्हणाली. "वीस आकडे मोजून होतात, तरी येत नाही. मंग हलवा लागते. तीन वर्सं झाले, हेच चालू हाय."

"अन् दारू?" नंदकिशोर बोलून गेले.

"तुमी पाह्यली काय, सायेब?"

डॉक्टरांचा आवाज चढला. "श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घटतो. मग हे दुबळं हृदय ताल सोडतं. रात्रभर झोप अशी तुटते, म्हणून माणूस दिवसा पेंगतो. तुम्ही त्याला दारुडा ठरवलंत! आणि आम्ही? तीन वर्षं तपासण्या केल्या, पण जिला सगळं ठाऊक होतं तिला एकदाही आत बोलावलं नाही!"

नंदकिशोरांनी नोटीस फाडली. तिथेच बाकावर बसून प्रस्ताव मागे घेण्याचं पत्र लिहिलं. 'मी चौकशी न करता आरोप केला,' हे वाक्य त्यांनी खोडलं नाही.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, आणि पेंगणं म्हणजे नशा नव्हे. हृदयाचा रोगी घरात असेल, तर त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईला डॉक्टरांसमोर बसवा!

भीमसिंगची झोपेची तपासणी नागपूरला मंगळवारी ठरली आहे. ठोके अजून अनियमित आहेत. वरच्या कार्यालयाचं उत्तर आलेलं नाही.