मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. थांबा, तुमच्या डोळ्यांपुढे आला तो मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ, चालकाच्या पायाखालचा. सगळं कौतुक त्याच्याच वाट्याला जातं. मी धाकटा. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवलेला असतो ना, तो मी. एका लोखंडी दांड्याने मी थोरल्याला जोडलेला आहे. मला दाबलं की तोही मुकाट्याने दबतो.

माझा जन्म काही कारखान्यात झाला नाही. एका वेल्डरने भंगारातल्या पट्टीचे दोन तुकडे जोडले, वर जुन्या टायरचं रबर ठोकलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी मला गाडीत बसवून मोकळा झाला. तेव्हापासून बावीस वर्षं मी मास्तरांच्या पायाखाली काढली. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग क्लासचे मालक, शिक्षक आणि शिपाई, तिन्ही एकच. त्यांनी शेकड्यांनी माणसं शिकवली. ती चुकली की मास्तर तोंडाने शांतपणे म्हणायचे, "काही हरकत नाही, होतं असं," आणि पायाने सगळा राग माझ्यावर काढायचे. लोक म्हणत, मास्तरांसारखा थंड डोक्याचा माणूस नाही. मला विचारायला हवं होतं.

शिकवणी संपत आली की मास्तर विद्यार्थ्याला घाटात नेत. आमच्या गावाहून तीन घाट जवळ. एक तळ्याकाठचा, एक जंगलातला आणि तिसरा जुना घाट, जो डोंगर ओलांडून पलीकडच्या गावांत उतरतो. परतताना जो तो विचारणार, कुठला घाट देखणा? मग तळ्याचं पाणी काय, जंगलातलं धुकं काय, जुन्या घाटावरून दिसणारी दरी काय, वर्णनाला नुसता ऊत येई. मला विचाराल तर तिन्ही घाट सारखेच. तिन्हींत मला बूट दिसले. तळ्याकाठी मास्तरांची टाच दर वळणाला एकदा पडायची, जंगलात दोनदा, आणि जुन्या घाटात तर मी मोजायचंच सोडून दिलं.

या घाटाच्या अलीकडची माणसं आणि पलीकडची माणसं यांचं भांडण तर विचारूच नका. अलीकडच्यांना वाटतं, पलीकडच्यांना गाडी चालवता येत नाही. पलीकडच्यांचं म्हणणं, अलीकडच्यांना लायसन्स देतो कोण? मी दोघांनाही ओळखून आहे. अलीकडचे, म्हणजे आमचे सपाटीवरचे, वळण दिसलं की हॉर्न वाजवणार, वळणात वाजवणार, वळण संपल्यावर आनंदाने वाजवणार. दरी दिसली की ऐन वळणावर गाडी उभी करून फोटो काढणार. आणि उतार लागला की ब्रेकवर पाय ठेवून खालपर्यंत येणार. पलीकडचे हॉर्न वाजवत नाहीत, हे खरं. पण समोरून ओळखीचा आला की दोघंही रस्त्याच्या मधोमध थांबून काचा खाली करतात आणि म्हशीच्या तब्येतीपासून भाचीच्या लग्नापर्यंत सगळं बोलून घेतात. मागे आठ गाड्या उभ्या, त्यांतलं कुणी चकार शब्द काढत नाही, कारण पुढच्या वळणावर तेही तेच करणार असतात. एक मात्र मान्य करतो. उतारावर ते दुसरा गिअर टाकतात आणि ब्रेकला त्रास देत नाहीत. चढणारी गाडी दिसली की बाजूला थांबून तिला वाट देतात.

असो. खरं दुखणं पुढेच आहे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा गेला, आता गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. क्लास बंद झाला. मास्तरांची बायको आधीच गेलेली. घरात मास्तर एकटे, आणि दारात आम्ही दोघे भाऊ गाडीसकट धूळ खात. एकदा त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि ते करपून भांडं काळं होईपर्यंत त्यांना दिसलं नाही. शेजारणीने त्यांच्या मुलीला फोन केला.

मुलगी पलीकडच्या गावात इस्पितळात एक्स-रे काढते. सहा वर्षं तिकडेच आहे. आली आणि म्हणाली, बाबा, माझ्याकडे राहायला चला. मास्तर म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग मला रोज रात्री झोप लागत नाही त्याचं काय करू ते सांगा. त्यावर मास्तरांनी बराच वेळ पेपर वाचायचं नाटक केलं. शेवटी एक अट घातली.

"जुन्या घाटातून तू गाडी चालवायची. घाटात मला एकदा जरी ब्रेक दाबायची गरज पडली, तर मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परत. जिच्या गाडीत जीव मुठीत धरून बसायचं, तिच्या घरात कसा राहू?"

आता बघा हा माणूस. पोरीला गाडी त्यांनी स्वतः शिकवली होती, याच गाडीवर. पण त्यांच्या लेखी ती अजून अठरा वर्षांची होती, क्लच सोडताना गाडी बंद पाडणारी. मुलीने तिथल्या तिथे अट मान्य केली. मला कुणी विचारलं नाही.

निघालो. गल्लीच्या तोंडाशी पहिली टाच. चौकात दुसरी. पेट्रोल पंपावर गाडी उभी असतानाही तिसरी. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता. "त्या धरल्या नाहीत," मुलगी म्हणाली. "घाट आता सुरू होतोय."

चढ मात्र झकास गेला. ती वळणाआधी गिअर उतरवी, वळणात इंजिनाला गुरगुरू देई, बाहेर पडली की मोकळं सोडी. तिकडच्या दूधवाल्या काकांच्या टेंपोत शेजारी बसून ती हे सगळं शिकली होती. थोरल्याला क्वचित शिवली. मास्तरांचा बूट माझ्यावर टेकलेला होता, पण दाबला नाही. मला शपथेवर विचारा, दाबला नाही. माथ्यावर आलो तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय. उतार लागला आणि मास्तरांचा पाय जड झाला. टाच नाही हो, ती निदान कळते. हा नुसता भार, जरासा, न थांबणारा. बावीस वर्षं उतारावर जसा ठेवला तसाच. त्यांच्या डोक्याला पत्ताच नव्हता. डोकं बाहेरच्या पुसट डोंगराकडे बघत होतं आणि पाय आपलं जुनं काम करत होता. मुलगी एकदा पुटपुटली, आज गाडी जड का वाटतेय? मी ओरडून सांगितलं असतं, पण ब्रेकचं ओरडणं म्हणजे कर्कश आवाज, आणि तो तर केव्हाचा येतच होता.

सहा वळणं झाली आणि जळका वास सुटला. सातव्या वळणावर खालून एस.टी. चढताना दिसली. वाट द्यायला हवी होती. मुलीने थोरल्याला दाबलं. तो बिचारा तापून अर्धमेला झालेला, गाडी थांबेना. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा घाबरलो. तिने मात्र आरडाओरडा केला नाही. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक एकेक दात ओढत नेला आणि गाडी डोंगराच्या अंगाला खडीत घातली. गाडी थांबली. एस.टी. शेजारून निघून गेली, तिच्या ड्रायव्हरने आभाराचा हातही केला. त्याला काय ठाऊक.

"ब्रेक जाळलेस तू," मास्तर म्हणाले. "हेच म्हणत होतो मी. उतारावर पाय काढायचा ब्रेकवरून."

"माझा पाय काढलेलाच आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमचा बघा."

मास्तरांनी खाली बघितलं. नीट दिसलं नसावं, म्हणून वाकून हाताने चाचपलं. आधी बूट हाताला लागला, मग त्याखाली मी. त्यांनी पाय उचलला तेव्हा मीच उसळून वर आलो आणि त्यांना सगळं कळून चुकलं. इतकी वर्षं लोकांना उतार शिकवणारा माणूस तसाच वाकून बसून राहिला. मला त्यांचा राग होता, खूप होता, पण तेव्हा मला रडू आलं.

मग ते लगबगीने उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले. तेवढ्यात दूधवाल्या काकांचा टेंपो मागून आला आणि थांबला. पलीकडच्यांची ही आणखी एक खोड, उभी गाडी दिसली की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. काकांनी मास्तरांचा हात धरला. तापल्या चाकावर पाणी ओतलं तर तडकेल, अर्धा तास नुसतं बसा, म्हणाले. मग हवेत वास घेतला आणि मुलीकडे बघितलं. "तुला मी असं शिकवलं नव्हतं. कोण दाबत होतं?"

मुलीने बापाचं नाव घेतलं नाही.

"मी," मास्तर म्हणाले.

काका निघून गेले. अर्धा तास दोघं खडीत दगडावर बसले. शेवटी मुलीनेच विषय काढला. म्हणाली, अट तुमचीच होती. घाटात ब्रेक दाबलात. उद्याच्या एस.टी.चं बघू का? ती हसत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती की बाप हो म्हणेल.

मास्तरांनी खूप वेळ चष्मा पुसला.

"गरज पडली तर, असं म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "गरज कुठे पडली होती?"

मग ते गाडीत येऊन बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मागे ठेवले आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. बावीस वर्षांत गाडी निघताना पहिल्यांदाच माझ्यासमोर कुणाचा पाय नव्हता. मुलीने दुसरा गिअर टाकला आणि आम्ही खाली उतरलो.

आता आमचा मुक्काम पलीकडेच आहे. मला काढून टाकायला मेकॅनिक तयार होता, मास्तरांनी नको म्हटलं. माझ्यावर भाजीची पिशवी टेकवतात. सुट्टीच्या दिवशी मुलगी त्यांना घाटात फिरवून आणते आणि ते मांडी घालून विचारतात, काय दिसतंय ग? ती सांगते. दरीत ढग उतरलाय, बाबा. पलीकडच्या कड्यावर ऊन आहे. खाली नदीची बारीक रेघ. इतकी वर्षं बूट बघून काढली, आता कुठे मला कळतंय की लोक वेडे का होत होते.

तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, शेजारी बसत असाल तर पाय आवरा. तुमच्यापुढे ब्रेक नसतानासुद्धा तुम्ही गाडीची जमीन दाबत असता, ठाऊक आहे मला.

आणि ही पोर. परवा सांगता सांगता तिने मान पार खिडकीकडे वळवली, बाबा, काय इंद्रधनुष्य पडलंय म्हणून. समोर वळण. मास्तर मांडी घालून निवांत. आणि भाजीच्या पिशवीखाली माझा जीव वरखाली. अग बाई, रस्त्याकडे बघ! कुणीतरी दाबा रे मला!