खाचा पाडलेली नळी

आठवडाभर मी मनात एकच घोकत होते, की यांच्या हातून काम बिघडलेलं असू दे. बायकोने नवऱ्यासाठी असलं काही मागू नये, मलाही कळतं. पण घरात कुठेतरी काहीतरी बिघडलं होतं, आणि यांचं काम बिघडलं असतं तर ते निस्तरता आलं असतं.

आमची बबडी लांब पल्ल्याची रायफल चालवते. मध्यंतरी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, खांदा पुन्हा कुरकुरला तर नेमबाजी कायमची बंद. रायफल उचलताना ती ओठ आवळते हे यांनी पाहिलं आणि यांच्या अंगात आलं. जन्म मिलिंग मशीनवर गेलेला माणूस. म्हणाले, "नळीला बाहेरून लांब खाचा पाडतो. पोलाद कमी, वजन कमी."

मी म्हटलं, "परक्याकडून करून घ्या. बिघडलं तर त्याला शिव्या तरी घालता येतील." पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण?

काम मात्र देखणं केलं. दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये मी डबा घेऊन गेले तेव्हा पाहिलं. एक हलका काप घ्यायचा, नळी फिरवायची आणि पुढचा काप बरोबर समोरच्या बाजूला. घाईने एकाच बाजूला खणत गेलं तर पोलाद तिकडे ओढ घेतं म्हणे. वरून गार पाण्याची धार चालूच. माझ्याकडे बघायलाही फुरसत नव्हती.

मग बबडी रेंजवर गेली आणि घोळ सुरू झाला. सुरुवातीच्या गोळ्या नीट एका जागी बसायच्या, पुढे पुढे कागदभर पसरायच्या. कोचबाई म्हणाल्या, "खाचा पाडल्या की कधी कधी पोलादात ताण राहतो. नळी तापली की केसभर वाकते, मग गोळी भरकटते. तसं असेल तर मी दुसऱ्या क्लबातून हलकी नळी मागवते. रविवारच्या निवड चाचणीआधी बसवून टाकू."

यांचं तोंड एवढंसं झालं. जेवताना घास हातातच राहायचा. "पोरीचं वाटोळं केलं मी," एवढंच पुटपुटायचे. मी एरवी यांना धारेवर धरायची संधी सोडत नाही, पण या वेळी सोडली. कारण मी दुसरंच काहीतरी पाहिलं होतं. बबडीने वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढला होता.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"छे गं आई. आळस, दुसरं काय."

मी लगेच विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

शुक्रवारी कोचबाईंनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. रायफल जाडजूड लोखंडी घोडीत घट्ट आवळली, म्हणजे कुणाचा खांदा नको, कुणाचा श्वास नको. गोळ्या एकामागून एक, नळीला गार व्हायला उसंत न देता. हे भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटून. वाकडी जा, मी प्रत्येक बाराला मनात गोळीला म्हणत होते, बाई गं, वाकडी जा.

कोचबाई कागद घेऊन आल्या. सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या. वर नाणं ठेवलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं.

यांनी कागद हिसकावूनच घेतला. हसायला लागले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "बघ, सरळ आहे. तापूनसुद्धा सरळ आहे. बघ ना गं." कोचबाईंना दाखवला, पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला दाखवला. मला दाखवला तेव्हा मी मान हलवली. नजर मात्र बबडीच्या खांद्यावर होती.

बबडीने कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, मला वाटलं होतं तुमचंच चुकलंय," ती म्हणाली. "देवाशपथ, तेच धरून बसले होते मी."

"बापावर एवढाही भरवसा नाही?" हे अजून हसतच होते. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता, आणि आज ती तो लपवत नव्हती.

हे खाली बसले. मग एकदम उठले, कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि कोचबाईंकडे गेले.

"बाई, एका कागदावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. "खाचांनी फरक पडतोच. मी घाई केली होती, एक काप खोल गेला होता. तुम्ही पुन्हा लावा ती रायफल घोडीला."

मी सगळं पाहिलं होतं. एकही काप खोल गेला नव्हता.

"हो बाई," मी म्हटलं. "मी होते तिथे. गेला होता खोल."