असेच करत राहा

खोकल्याचा आवाज आला तेव्हा सिस्टर ओट्यापाशी कांदा चिरत होत्या. मान न वळवताच त्या म्हणाल्या, "अहो, पाणी बसून प्या म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मी नाही खोकलो," बाहेरच्या खोलीतून यजमान म्हणाले. "तुझ्या लॅपटॉपमध्ये कोणीतरी खोकतंय."

पुन्हा खोकला आला. ओला, घुसमटलेला, मध्येच तुटणारा. त्यामागोमाग एका मुलीचा समजूत घालणारा आवाज, "अजून एक घास, बाबा. थोडंच राहिलंय." सिस्टरांनी सुरी खाली ठेवली. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या त्यांच्या कानांना हा खोकला कुणी समजावून सांगायला नको होता. अन्न पोटाच्या वाटेनं न जाता श्वासाच्या वाटेला लागलं की माणूस असा खोकतो.

त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या. यजमानांना हवामान बघायचं होतं. त्यांनी नको ते बटण दाबलं आणि तपासून झालेल्या कामांमधला एक व्हिडिओ सुरू झाला होता. पडद्यावर एक खाट, खाटेवर जवळजवळ आडवाच निजवलेला एक माणूस, शेजारी स्टुलावर त्याची मुलगी. तिच्या हातात सुपाचा निळा कप. पहिला घास उतरतोय न उतरतोय तोच ती दुसरा चमचा पुढे करत होती, आणि प्रत्येक दोन चमच्यांनंतर तो माणूस खोकत होता. खाली हिरव्या अक्षरांत सिस्टरांनी परवा दिलेला शेरा होता: 'उत्तम. रुग्णाशी बोलण्याची पद्धत आपुलकीची. असेच करत राहा.'

सिस्टर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण दवाखान्यात पडलं आणि घरीदारीही तेच चिकटलं. यजमानसुद्धा रागावले किंवा लाडात आले की सिस्टरच म्हणत. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा घरबसल्या काम म्हणून त्यांनी हे पत्करलं होतं. एक संस्था इंटरनेटवरून घरच्या रुग्णसेवेचं शिक्षण देत असे. विद्यार्थी घरीच सराव करून व्हिडिओ पाठवत आणि सिस्टर ते बघून शेरा देत. सुरुवातीला त्यांनी पानपानभर लिहिलं. कोपर कुठे हवं, उशी कशी लावायची, बोलताना रुग्णाच्या डोळ्यांकडे बघा, सगळं. मग संस्थेतल्या समन्वयक मुलीनं फार गोड शब्दांत सुचवलं की एवढं कोणी वाचत नाही, उलट नाउमेद होतात, आणि मागे कामं तुंबतात. तयार शेरे दिलेलेच आहेत. त्यातला एक निवडायचा, झालं.

पुढचं सिस्टर आपलं आपणच शिकल्या. प्रत्येक व्हिडिओत मागे कुणाचा तरी टीव्ही बोंबलत असायचा, म्हणून आवाज बंद. वेळ वाचावा म्हणून वेग दुप्पट. दुप्पट वेगात सगळेच जण कोंबल्यासारखं भरवताना दिसतात, त्यामुळे मनातल्या मनात तो निम्मा करून घ्यायची सवय लागली. एकदा ती लागल्यावर, खरोखर कोंबणारी मुलगीही त्यातच खपून गेली. शिवाय बहुतेक व्हिडिओंमधले रुग्ण तोतये असत. कुणाचा नवरा हसू दाबत पडलेला, कुणाची बहीण हळूच मोबाईल बघणारी. हाही तसलाच कोणी, असं परवा त्यांना वाटलं असणार. खरं तर काय वाटलं होतं ते आठवतही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना आता लाज वाटत होती.

त्यांनी शेरा बदलायचा प्रयत्न केला. मूल्यांकन पूर्ण झाले आहे, असं उत्तर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जेवायची वेळ होत आली होती. कुठल्या तरी घरात आत्ता तो निळा कप विसळून भरला जात असेल. त्यांनी समन्वयक मुलीला फोन लावला.

"सिस्टर, तिचा निकाल लागलाय," ती म्हणाली. "आता बदलायचा तर वर विनंती पाठवावी लागेल."

"निकाल राहू दे तसाच. मला फक्त तिचा नंबर दे."

विद्यार्थ्यांचे नंबर देता येत नाहीत, ती म्हणाली. आणि बहुतेक लोक घरातल्याच कुणाला तरी खोटंखोटं आजारी करून निजवतात, तेव्हा इतकं मनाला लावून घेऊ नका.

"अगं, त्या माणसाचं तोंड एका बाजूनं उतरलंय. हात बघ त्याचा. गालावर माशी बसली तरी हलला नाही. नाटक करणारा माणूस माशी हाकलतो."

मग त्या मुलीनं विचारलं, "सिस्टर, मग परवा तुम्हाला हे दिसलं कसं नाही?"

नेट गेलं होतं म्हणता आलं असतं. चष्म्यावरही ढकलता आलं असतं. "मी आवाज बंद करून बघितला," सिस्टर म्हणाल्या. "आणि पळवत."

ती मुलगी आवाज खाली आणून बोलायला लागली. हे मला सांगितलंत ते सांगितलंत, दुसऱ्या कुणाजवळ बोलू नका. वर कळलं तर तुम्ही तपासलेलं एकूण एक काम उकरतील, तुमच्या शेऱ्यांवर नोकऱ्या धरलेल्या मुलींची प्रमाणपत्रं अडकतील, आणि तुम्हाला तर ठेवणारच नाहीत. मी विनंती पाठवते, उद्या-परवाकडे होईल काहीतरी. ती वाईट नव्हती, सिस्टरांना सांभाळूनच घेत होती. पण उद्या-परवापर्यंत त्या माणसाच्या घशात किती चमचे जातील, याचा हिशेब तिला करता येत नव्हता आणि सिस्टरांना तो टाळता येत नव्हता.

अभ्यासक्रमाचं एक चर्चेचं पान होतं. तिथे विद्यार्थी शंका विचारत, एकमेकांना शुभेच्छा देत. तिथे लिहिलं की प्रत्येकाच्या मोबाईलवर सूचना जात असे.

"तिथे लिहिलंस तर सगळी दुनिया वाचेल," यजमान म्हणाले.

"दुनियेनं नाही वाचलं तरी चालेल. तिनं वाचायला हवं."

यजमानांनी थोडा विचार केला, लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मग आपला नंबरही टाक. कांद्याचं मी बघतो." आणि खरोखरच ते आत जाऊन कांदा चिरू लागले. आयुष्यात त्यांनी तो कधी चिरलेला नव्हता.

सिस्टरांनी लिहिलं की निळ्या कपानं वडिलांना भरवणाऱ्या मुलीला मी दिलेला शेरा चुकीचा आहे. तुझा व्हिडिओ मी आवाज बंद ठेवून, दुप्पट वेगानं पाहिला. तू त्यांच्याशी छान बोलतेस, ते खरं आहे. पण ते आडवे आहेत आणि घास उतरायच्या आत तू दुसरा देतेस. खोकला म्हणजे अन्न छातीत जातंय. भरवणं आत्ता थांबव, त्यांना बसतं कर आणि मला फोन कर. खाली नंबर. मग पुन्हा एकदा वाचून, डोळे मिटून, त्यांनी ते पाठवून दिलं.

लगेच फोन वाजला. एक पुरुष होता. बायको अंथरुणाला खिळली म्हणून त्यानं हा अभ्यासक्रम घेतला होता.

"माझाही व्हिडिओ असाच बघितलात का?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"मग मला उत्तम दिलंत, ते?"

"तुमचा पुन्हा बघावा लागेल. मला आठवत नाही."

त्याच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता. मग त्यानं फोन ठेवला. त्याच्यानंतर दोन-तीन जणींचे फोन आले. एक रडली, एकीनं तोंडाला येईल ते सुनावलं. सिस्टर प्रत्येकीला हो म्हणाल्या आणि लाइन मोकळी करा अशी विनवणी करत राहिल्या. मध्येच समन्वयक मुलीचा नंबर दिसला. त्यांनी तो फोन घेतला नाही.

मग एक दबका आवाज आला. "मॅडम, निळा कप माझा."

"बाबांना आत्ता काही दिलंस?"

"देतच होते. पण घेत नाहीयेत आज. नुसतं तोंडात धरून ठेवतायत."

"तोंडातलं हळूच पुसून काढ. आता काही देऊ नकोस, पाणीसुद्धा नको. पाठीला उशा लाव, सरळ बसव. अंग कसं लागतंय?"

"गरम आहे. सकाळपासून."

"फोन त्यांच्या तोंडाशी धर. मला ऐकू दे."

सिस्टरांनी दुसरा कान तळहातानं झाकला. श्वास उथळ होता, भरभर चालला होता आणि त्याच्या तळाशी खरखर होती. त्यांनी आधी रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि मग पुन्हा फोन लावायला. तिनं लावला. गाडी निघाली होती. आता वाट बघण्यावाचून दोघींच्या हातात काही नव्हतं, आणि फोनमध्ये तो श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "मी एरवी निम्माच कप द्यायचे. खोकले की मला भीती वाटायची, मी थांबायचे. व्हिडिओसाठी म्हणून पहिल्यांदा पूर्ण दिला. तुम्ही लिहिलंत असेच करत राहा. मग परवापासून पूर्णच देतेय."

सिस्टरांना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. वॉर्डात त्यांच्या हातून चुका झाल्या नव्हत्या असं नाही, पण बरोबर वागणाऱ्या माणसाला त्यांनी कधी चुकायला शिकवलं नव्हतं.

"थांबत होतीस ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर होतं. चुकलं माझं."

पलीकडे दारावर थापा पडल्या, माणसांचे आवाज आले आणि फोन बंद झाला.

संस्थेनं दुसऱ्याच दिवशी सिस्टरांचं खातं बंद केलं. त्यांनी तपासलेली कामं पुन्हा तपासायला निघाली, विद्यार्थ्यांनी चर्चेच्या पानावर त्यांचा उद्धार केला, आणि समन्वयक मुलीनं शेवटचा फोन करून, तुम्ही मला पण अडकवलंत सिस्टर, एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं. निळ्या कपाच्या मुलीचा मात्र फोन आला नाही. तिचा नंबर आता त्यांच्याजवळ होता, पण तो लावायचा धीर होत नव्हता. काय ऐकावं लागेल याची भीती होती. त्या मोबाईल उशाशी घेऊन झोपत, न्हाणीघरातही घेऊन जात. यजमानांनी थट्टा करायचं सोडून दिलं होतं, आणि त्यांचं ते गप्प राहणं सिस्टरांना जास्त लागे.

बऱ्याच दिवसांनी, सकाळी चहा होत असताना, तिचा व्हिडिओ आला. वर तिनं लिहिलं होतं: 'बाबा काल घरी आले. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण शेवटपर्यंत बघणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. बघून सांगा.'

सिस्टरांनी गॅस बंद केला, खिडकी लावून घेतली, आवाज पूर्ण मोठा केला. खाटेवर बाबा ताठ बसलेले होते, पाठीशी उशा, हनुवटी किंचित खाली. फार खंगले होते. मुलीनं अर्धाच चमचा दिला आणि हात मांडीवर ठेवून ती वाट बघू लागली. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. "बाबा, काहीतरी बोला," ती म्हणाली. बराच वेळ काहीच नाही. मग त्यांनी कष्टानं एक शब्द उच्चारला, बहुधा तिचं नाव असावं. आवाज कोरडा होता, म्हणजे घास नीट उतरला होता. मग दुसरा चमचा. मग तिसरा. सिस्टरांचा चहा निवून गेला, यजमान दोनदा येऊन उभे राहून गेले. निम्म्या कपावर मुलगी थांबली आणि तिनं वडिलांचं तोंड पुसलं.

"झालं का बघून?" यजमानांनी विचारलं. "सांग तिला काहीतरी. वाट बघत असेल."

"थांबा हो," सिस्टर म्हणाल्या. "मध्ये रस्त्यावरून गाडी गेली, तेव्हा एक घोट नीट ऐकू आला नाही." आणि त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.