गच्चीवरचा हात

"तुम्ही ज्या हाताबद्दल लिहिलंय, तो हात माझा आहे."

फोनवरचा आवाज साठीच्या आसपासच्या माणसाचा होता आणि वाक्य घोकून ठेवल्यासारखं एका दमात आलं. मालिकाबाईने हातातला ओला टॉवेल तसाच खुर्चीवर टाकला.

मालिकाबाई हे तिचं वर्तमानपत्राच्या ऑफिसातलं नाव. एका खाजगी गुप्तहेराची जुनी, एके काळी रस्ते ओस पाडणारी मालिका कुणीतरी धुऊनपुसून पुन्हा दाखवायला घेतली होती आणि रविवारच्या पुरवणीत ती दर आठवड्याला एकेका भागाची समीक्षा लिहीत होती. कथेत पाणी कुठे घातलंय, गुप्तहेर उगाच हुशारी कुठे मारतो, प्रेक्षकाला मामा कुठे बनवलंय, हे ती बिनदिक्कत लिहायची. कौतुकाच्या बाबतीत तिचा हात आखडता. पण गेल्या रविवारी तिने तो सैल सोडला होता. त्या भागात गुप्तहेर एका खबऱ्याचा पाठलाग करत गोदामाच्या गच्चीवर पोचतो. खबऱ्या कठड्यावर चढतो, एक हात पुढे करून हलवतो आणि खाली कोसळतो. 'या हातात मरणाच्या दारातली विनवणी आहे,' असं तिने लिहिलं होतं. 'नायकाला अख्ख्या मालिकेत जमलं नाही ते या नटाने एका हातात करून दाखवलं. आणि त्याचं नाव शेवटच्या पाट्यांत कुठेही नाही.'

"तुम्ही नट आहात का?" तिने विचारलं.

"नट कसला! उड्या मारायचो. नटाच्या बदली. सेटवर मला पाखरू म्हणायचे." तो जरा थांबला. "ती माझी शेवटची उडी. कमरेखालचं सगळं गेलं त्यात. मी तो भाग कधी बघितला नाही. तुम्ही येऊन दाखवाल?"

"तुमच्याकडे टीव्ही नाही का?"

"आहे की. पण ती मालिका लागली की दादा बंद करतो. थोरला भाऊ माझा. म्हणतो, कशाला जीवाला त्रास. तुम्ही मात्र तो घरात असतानाच या. मला चोरून नाही बघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन गेली. घर तळमजल्यावरचं, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे. पायरीच्या जागी लाकडी उतार केलेला होता, आणि तो इतका गुळगुळीत झाला होता की तिची चप्पल घसरली.

दार थोरल्याने उघडलं. सत्तरीचा असेल, पण खांदे अजून भरलेले. तो "या" म्हणाला, पण दारातून बाजूला झाला नाही.

"एक सांगून ठेवतो," त्याने आवाज खाली घेतला. "त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. दवाखान्यात डोळे उघडले, तिथपासून पुढचं आठवतं. ते बरंच आहे. तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्हाला गोष्ट मिळेल नि तुम्ही जाल. मागे आम्ही दोघंच उरतो."

"त्यांनीच बोलावलंय मला."

"ठाऊक आहे. म्हणून तर दारात उभा राहून सांगतोय."

"दादा, त्यांना आत तर येऊ दे," आतून हाक आली.

खोलीत पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं की इथे सगळं बसलेल्या माणसाच्या उंचीला आणलेलं आहे. दिव्यांची बटणं, फळ्या, आरसा, खुंट्या, सगळं खाली. आतल्या स्वयंपाकघरात दिसणारा ओटासुद्धा कापून बुटका केलेला, त्यामुळे थोरल्याला वर्षानुवर्षं कमरेत वाकून स्वयंपाक करावा लागला असणार. चाकांच्या खुर्चीत पाखरू इस्त्रीचा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून, लग्नाला निघाल्यासारखा बसला होता.

"बसा बाई. दादानं घाबरवलं का तुम्हाला? तो आमचा मास्टर होता. उड्या, मारामाऱ्या, आगी, सगळं तोच बसवायचा. मला कठड्यावर उभं राहायला शिकवलं ते त्यानंच." तो हसला. "आणि चूक माझी, हे आधीच सांगतो. नाहीतर तुम्ही लिहाल, बिचारा. निशाणाचं लाल फडकं खाली पडायच्या आधीच मी उडी मारली. खाली खोके नि गाद्या रचून व्हायच्या होत्या. घाई नडली."

"तुम्हाला आठवतं?"

"आठवत नाही. पण सगळ्यांनी पाहिलं ना. दादानं, मालिकेच्या कंपनीनं, सगळ्यांनी. पुढे कितीतरी नवीन पोरं माझ्याकडे शिकायला यायची, याच खोलीत. त्यांना पहिला धडा हाच द्यायचो. निशाणाआधी पाय हलला की काय होतं, ते या खुर्चीकडे बघून घ्या म्हणायचो."

थोरला खुर्चीमागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला.

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि भाग तिथवर पुढे नेला. गुप्तहेर जिना चढू लागला. पाखरू पुढे झुकला. गच्ची आली, कठडा आला, आणि कठड्यावर चढणारा एक सडपातळ तरुण. पाखरूच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, जुना फोटो सापडल्यावर निघतो तसा.

हात हलला. माणूस पडला. गुप्तहेराने कठड्यावरून खाली पाहिलं आणि संगीत वाजलं.

"पुन्हा," पाखरू म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. या वेळी हात पुढे आला तशी त्याने तिच्या मनगटाला स्पर्श केला. "इथे थांबवा. ही तुमची विनवणी ना?"

"हो."

"ही विनवणी नाही, बाई." त्याने स्वतःचा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा खाली दाबला. "ही आमची खूण. तयार नाही, थांबा. वरचा माणूस खालच्याला सांगतो." त्याचा हात हवेत तसाच राहिला. "म्हणजे खोके लागले नाहीत हे मला दिसत होतं. मग मी उडी कशी काय मारली?"

बाहेर सायकलच्या चाकात कुणी हवा भरत होतं, तो फुस्स फुस्स आवाज खोलीत येत राहिला.

"घाईत माणूस..." थोरला म्हणाला.

"थांबा म्हणणारा माणूस घाईत नसतो, दादा."

मालिकाबाईची नजर थांबलेल्या चित्रावरच होती. सवयीने ती कडेकडेने चित्र बघत होती. समीक्षेसाठी ती असंच बघायची, नायकाला सोडून, मागचं, बाजूचं, कोपऱ्यातलं. कठड्याच्या डावीकडे जिन्याच्या खोलीची काचेची खिडकी होती. तिने एक चित्र पुढे घेतलं. आणखी एक. धुऊनपुसून काढलेल्या त्या चित्रात काच आरशासारखी लख्ख होती आणि काचेत समोरच्या इमारतीचा जिना उमटला होता. जिन्यावर एक माणूस उभा होता. भरलेले खांदे, एक हात वर, आणि त्या हातात लाल फडकं. आणखी एक चित्र. फडकं खाली आलं होतं. कठड्यावरचे पाय मात्र अजून कठड्यावरच होते.

तिने मान वर केली. पाखरूच्या डोक्यावरून थोरला तिच्याकडे बघत होता. काचेत काय आहे ते त्याला तिथून दिसत होतं, आणि तिला ते दिसलंय हेही.

"बाई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "चहा टाकतो. साखर किती ते जरा आत येऊन सांगता?"

ती उठली. का उठली ते तिलाही कळलं नाही. लॅपटॉप उघडाच राहिला.

आत थोरल्याने नळ सोडला, आवाज व्हावा म्हणून. भांडं तसंच रिकामं हातात धरून उभा राहिला.

"ऊन उतरत होतं," तो म्हणाला. "दिग्दर्शक खालून ओरडत होता, आत्ता नाही तर उद्या पुन्हा सगळं. मी त्याच्याकडे बघत होतो. वर बघायला हवं होतं. वर नाही बघितलं."

"आणि मग तुम्ही सांगितलंत की तेच आधी उडाले."

"कंपनीनं सांगितलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. मास्टरची चूक ठरली असती तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. मग याला कोण बघणार होतं? आई नाही, बाप नाही. आज सांगू, उद्या सांगू करत करत..." त्याने नळाकडे पाहिलं. "तुम्ही तुमचं यंत्र बंद करा नि जा. हात जोडतो. लिहा काय लिहायचं ते, कौतुक लिहा, पण काचेचं नको. मी आता किती जगणार? त्याच्या मनात मी आहे तसाच राहू द्या."

हो म्हणावं असं तिला क्षणभर खरंच वाटलं. तो कापून बुटका केलेला ओटा तिच्या समोर होता, त्यावर वाकून वाकून बाक आलेली पाठ समोर होती. पण बाहेरच्या खोलीत एक माणूस अर्धं आयुष्य स्वतःकडे बोट दाखवत बसला होता.

"मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं तर सांगेन. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

थोरल्याने नळ बंद केला. तेव्हा दोघांनाही ऐकू आलं. बाहेर गुप्तहेराच्या बुटांचा आवाज, मग किंचित शांतता, मग संगीत. पुन्हा बूट, शांतता, संगीत. पाखरू स्वतःच तो तुकडा मागे नेऊन नेऊन बघत होता.

ते बाहेर आले तेव्हा त्याने चित्र थांबवलेलं होतं. नेमकं तिथेच. त्याचं बोट चित्रातल्या खिडकीच्या काचेवर टेकलं होतं.

"दादा," तो मागे न बघता म्हणाला, "निशाण तुझ्याकडे असायचं."

थोरल्याने हातातलं रिकामं भांडं खाली ठेवलं.

"निशाण पडलं की विचार करायचा नाही, पाय सोडून द्यायचे. तूच शिकवलंस. मी विचार केला नाही."

"नाही केलास," थोरला म्हणाला. "तू बरोबर होतास."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तेव्हापासून."

पाखरूने खुर्ची वळवली. मालिकाबाईला वाटलं, आता हा काहीतरी फेकून मारणार. टेबलावरचा पेला त्याच्या हाताशी होता. त्याने तो उचललाही, मुठीत आवळला, इतका की बोटं पांढरी पडली. थोरला जागचा हलला नाही, तोंडासमोर हातही धरला नाही.

"पडलो त्याचं काही नाही," पाखरू म्हणाला. "आपल्या धंद्यात माणसं पडतात. तुझ्या जागी मी असतो तर माझ्याकडूनही झालं असतं. पण दादा, त्या पोरांसमोर मी स्वतःला गाढव म्हणायचो तेव्हा तू इथेच असायचास. या भिंतीला टेकून. त्यांच्यासाठी चहा करायचास."

त्याने पेला खाली ठेवला. ठेवताना तो हिंदकळला आणि पाणी टेबलावर पसरलं. थोरला फडकं आणायला वळला.

"राहू दे," पाखरू म्हणाला. "आज मी पुसतो. तू जरा बाहेर जाऊन ये."

थोरला गेला. लाकडी उतारावर त्याची पावलं हळूहळू उतरताना ऐकू आली. पाखरूने टेबल पुसलं, कोपरान्‌कोपरा, आणि फडकं पिळून खिडकीत टाकलं. मग तो मालिकाबाईकडे वळला.

"तुम्ही लिहिलंत की हा हात म्हणजे अभिनय आहे. वाचून मी फार खूष झालो होतो. आता खोडाल ना?"

"खोडावं लागेल."

"खोडा. लिहा की त्या हातानं थांबा म्हणून सांगितलं होतं. माझं खरं नाव लिहा, पाखरू नको. आणि निशाण कुणाच्या हातात होतं ते लिहू नका."

"भाऊ म्हणून?"

"ते माझं नि त्याचं आहे. पेपरात कशाला?"

पुढच्या रविवारी समीक्षेच्या जागी ते छापून आलं. त्याआधी संपादकाने ते वाचून तिला खोलीत बोलावलं होतं. निशाण कुणी दिलं ते नाही, मग ही बातमी अर्धवट नाही का, असं विचारलं होतं. तिने सांगितलं, ही बातमी नाही, माझ्या समीक्षेतली चूक मी दुरुस्त करतेय, आणि चूक हाताबद्दल होती. संपादकाने नाक मुरडलं, पण मजकूर सोडला. पाखरूचं खरं नाव तिने पहिल्याच ओळीत घातलं होतं.

दुपारी पाखरूचा फोन आला. आवाज बसलेला होता. सकाळपासून फोन वाजतोय, म्हणाला. शिकवलेली पोरं, आता पोरं कसली, त्यांचेही केस पिकलेत. एकाने तर फोनवर काहीच न बोलता नुसतं रडून घेतलं.

"आणि दादा?" तिने विचारलं.

"आहे. त्या दिवशी अंधार पडल्यावर आला. जेवायला वाढतो, मी जेवतो. बोलत नाही मी त्याच्याशी."

"किती दिवस असं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि पाखरूने रिसीव्हरवर हात न ठेवताच तुटक उत्तर दिलं, "कमी तिखट कर."

मग तो तिला म्हणाला, "बघू."