पिकत घातलेली बॅटरी

केतनने ती डबी घरी आणली त्या दिवसापासून दर्शनाच्या ओटीवर तीन बाप्यांनी जो ठिय्या दिला, तो काही उठेना. डबी म्हणजे गिटारवाल्यांचा पेडल. विटेपेक्षा थोडी लहान, काळी, लोखंडी, वर चार बटणं. गिटारची वायर एका बाजूने तिच्यात खुपसायची, दुसऱ्या बाजूची वायर स्पीकरला जोडायची आणि पायाने दाबायची. मग गिटारचा आवाज असा फाटून बाहेर पडतो की गिरणीत कुणी पत्रा दळायला टाकलाय असं वाटावं. याला म्हणे हेवी मेटल म्हणतात. आणि ही डबी साधीसुधी नव्हे, बरं का! जपानात बनलेली, केतनपेक्षा वयाने मोठी, कंपनीने बनवायची कधीच बंद केलेली. ‘व्हिंटेज’ हा शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याने आधी चपला काढून ठेवाव्यात.

दर्शना खालापूरला सरकारी कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची कटकट ऐकून स्कूटीवरून पळसदरीला घरी यावं, तर ओटीवर ही दुसरी कचेरी भरलेली. नवरा केतन खोपोलीच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, पण घरी आला की तो स्वतःला कामगार समजत नसे. त्याचा मित्र ओमकार नेरळच्या नव्या टॉवरमध्ये राहायचा, कॉम्प्युटरवर काम करायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडायचा. तिसरा अक्षय, कर्जतला बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा. तिघे मिळून बँड. तिघेही गिटारवाले! ड्रम कोण वाजवणार असं दर्शनाने एकदा विचारलं, तर तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीला यातलं काय कळतंय. ड्रम अक्षयच्या लॅपटॉपमध्ये होते.

“कचरा आहे हा,” ओमकार डबीकडे बघून म्हणायचा. “डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. ज्याला गिटार वाजवता येत नाही त्याच्यासाठी काढलेलं खेळणं.”

“तू बटणं अर्धी ठेवतोस म्हणून,” अक्षय म्हणायचा. “चारही फुल कर. एक जरी कमी ठेवलंस तर विकून टाक सरळ.”

“तुम्हा दोघांना कानच नाहीत रे,” केतन म्हणायचा. मग डबी पायाने दाबायचा, गिटारवर खर्र्र करून एक तुकडा वाजवायचा आणि थांबायचा. पोळी तव्यावर उलटायच्या आत तुकडा संपलेला असे. त्यावर चहा होईपर्यंत चर्चा. चहा दर्शनाने करायचा, हे सांगायला नकोच.

तुच्छता तर काय, ओटीवर सांडत होती नुसती. याच डबीची नवी आवृत्ती विकत घेणारे मूर्ख. ऑर्केस्ट्रात वाजवणारे पोटार्थी. मुंबईचे गिटारवाले पैशाचे माजलेले, पुण्याचे शिष्ट. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बेंजोवाले. गावोगाव हळदीला आणि गणपतीला बेंजो वाजवणाऱ्या पोरांचं नाव निघालं तरी ओमकार कानात बोटं घालायचा.

एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत होतं, ते म्हणजे बॅटरी. या डबीत चौकोनी बॅटरी लागते आणि नवी बॅटरी घातली तर म्हणे आवाज ‘कोरा’ येतो. बॅटरी अर्धी मरायला टेकली की आवाजाला कस चढतो! वायर डबीत खुपसून ठेवली की वाजवा अगर न वाजवा, बॅटरी उतरत राहते. म्हणून हे लोक नवी बॅटरी घालून वायर तशीच ठेवून द्यायचे आणि मधूनमधून येऊन बघायचे. “पिकत घातलीय,” असं केतन म्हणायचा. दर्शनाच्या घरी माळ्यावर आंब्याची अढी असायची, ती तिला ठाऊक होती. बॅटरीची अढी लावणारी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती. पण एकेकाळी कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर पाठीला गिटार अडकवलेला केतन पाहूनच तर ती भाळली होती. पाठीवरची गिटार पाहिली, वाजवलेली ऐकायची राहूनच गेली.

मग धाकट्या बहिणीचं, ऋतिकाचं लग्न ठरलं. दर्शनाचं माहेर खालापूरजवळ. वडील नव्हते, त्यामुळे लग्नाचं सगळं दर्शनाच्या आणि आई आनंदीबाईच्या अंगावर. हळदीला कोणाचा बेंजो सांगायचा, असा विषय निघाला, कारण आमच्याकडे हळद म्हणजे बेंजो. जेवण आळणी झालं तर लोक विसरतील, बेंजो नव्हता हे नातवंडांना सांगतील.

“बेंजो?” केतन सासूसमोर हसला. “घरात आम्ही तिघं गिटारवाले असताना तो पत्रा कशाला बडवायचा? आम्ही वाजवू. लोकांना कळू दे संगीत काय असतं ते.”

आनंदीबाईने जावयाकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. “आमी काय बोलनार? पन मे महिना हाय. एकदा का बेंजोवाल्याला नको बोललं, तर मागून कोनी मिळायचा नाय. मंडपात भावकी बसंल. तू सांग गं, हे वाजवतील ना?”

ऋतिकाही बघत होती. दर्शनाच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं, की मी यांचं एक आख्खं गाणं अजून ऐकलेलं नाही. पण नवऱ्याला आईसमोर तोंडघशी कसं पाडायचं? ती म्हणाली, “वाजवतील. माझा शब्द.”

“तुजा शब्द हाय ना? मग बस झालं,” आनंदीबाई म्हणाली आणि बेंजोवाल्याला नाही म्हणून कळवलं.

त्या दिवसापासून दर्शनाचा जीव टांगणीला लागला. कचेरीतून आली की ती आधी ओटीवर डोकवायची. “बसवलं का रे गाणं?” ऋतिकाने तिच्या आवडीचं एकच गाणं सांगितलं होतं, जे रिक्षावालासुद्धा शिट्टीवर वाजवील असं. “गाण्याचं काय घेऊन बसलीस,” केतन म्हणायचा, “आधी टोन बसू दे.” टोन म्हणजे आवाजाची जात. ती जात काही ठरेना. ओमकारचं म्हणणं डबीच नको. अक्षयचं म्हणणं चारही फुल. लग्नपत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या, टोन बसला नाही.

हळदीच्या दिवशी केतनने सकाळीच मंडपात गिटार, स्पीकर आणि डबी मांडली. नवी बॅटरी घातली आणि वायर खुपसून ठेवली. “संध्याकाळपर्यंत बरोब्बर पिकेल,” तो ओमकारला म्हणाला. दर्शना हळदीच्या ताटाच्या गडबडीत होती, तिने ऐकलं आणि दात आवळले.

संध्याकाळी मंडप भरला. नवरी पाटावर, तोंडभर हळद. काकवा, आत्या, मावश्या पिवळे हात घेऊन उभ्या. पोरं-पोरी नाचायला पदर आणि चपला सावरून तयार. तिन्ही कलावंत काळे टी-शर्ट घालून पुढे आले. उकाड्याने त्यांचेही चेहरे घामेजले होते. अक्षयने लॅपटॉपवर ड्रम चालू केले. केतनने डोळे मिटून डबी दाबली आणि खर्र्र केलं. पुढच्या रांगेतलं एक पोर दचकून रडायला लागलं. खर्र्रचं फर्र झालं, फर्रचं फुस्स झालं आणि आवाज गेला. लॅपटॉपमधले ड्रम तेवढे एकटेच धपाधपा वाजत राहिले.

“जास्त पिकली,” अक्षय म्हणाला.

“मी आधीपासून सांगतोय, कचरा आहे,” ओमकार म्हणाला. चेहरा बघा त्याचा! असा खुलला होता की जणू हळद त्यालाच लागलीय.

मंडपवाल्याकडे माइकसाठी तसल्याच चौकोनी बॅटऱ्या होत्या. त्याने सीलबंद एक आणून केतनच्या हातावर ठेवली. कुणीही शहाणा माणूस ती घालून मोकळा झाला असता. केतनने ती उलटीपालटी केली.

“अल्कलाइन आहे, लवकर मरत नाही,” तो म्हणाला. “आणि कोरी. हिच्यावर तो टोन येणार नाही.”

“अल्कलाइनवर तर नकोच,” अक्षय म्हणाला.

“नाहीतरी काय फरक पडणार आहे त्या डबीत?” ओमकार म्हणाला, आणि भर मंडपात, नवरीसमोर, तिघांची चर्चा सुरू झाली. मागे कोणीतरी खिदळलं. एक आत्या मोठ्याने म्हणाली, “मेल्यांनो, बॅटरी घाला नायतर मयताला बसल्यासारखं तरी बसू नका.” आनंदीबाई नुसती दर्शनाकडे बघत राहिली, आणि ते शंभर शिव्यांपेक्षा वाईट होतं. ऋतिका पाटावरून म्हणाली, “दाजी, वाजवा ना कसंही. आम्हाला काय कळतंय टोनमधलं.”

केतन तरी बॅटरी घालेना. त्याचा अंगठा बॅटरीच्या सीलवरून नुसता फिरत होता. आणि दर्शनाला अचानक कळलं. यांना वाजवायचंच नाही. इतके महिने बटणं, बॅटऱ्या, जपान, सगळं कशासाठी चाललं होतं? वाजवायची वेळ येऊ नये म्हणून! तिला संताप आवरेना. ती पुढे झाली, डबीतून गिटारची वायर खसकन उपटली आणि सरळ स्पीकरला लावली. पेडल नाही, बॅटरी नाही, काही नाही.

“वाजव आता,” ती म्हणाली.

“अगं, असा कोरा...”

“वाजव!”

केतनने वाजवलं. खरवडणारा आवाज गेला होता, त्यामुळे प्रत्येक बोट ऐकू येत होतं. पहिली ओळ अडखळली. दुसरी ओळ पहिलीलाच जाऊन धडकली. मधे एक तार नुसतीच टणटणली. त्याने पुन्हा सुरुवातीपासून धरलं, पुन्हा तिथेच अडकला. ओमकार आणि अक्षय कधी मागच्या मागे जेवणाच्या टेबलांकडे सटकले ते कुणी पाहिलं नाही. मंडपात आधी कुजबूज, मग पोरांचं हसू. केतन मान खाली घालून वाजवत होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते.

आता दर्शनाला बरं वाटायला हवं होतं. तिला हवं तेच तर झालं होतं. पण बरं वाटलं नाही, लाज वाटली, आणि तिची तिलाच चीड आली की एवढं होऊनही या माणसाची दया येतेय. चारचौघांत नवरा असा उघडा पडलेला बघवेना. तिने माइक उचलला आणि हळदीचं गाणं म्हणायला लागली, आजी म्हणायची ते. केतन जिथे चुकत होता तिथे आवाज चढवायची, त्याचं चुकलेलं झाकायचं म्हणून. आनंदीबाईने तिच्याकडे पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं आणि आवाजात आवाज मिसळला. मग आत्याने, मग काकवांनी. कुणी कळशी पालथी घालून तिच्यावर ताल धरला. ऋतिकाला पुन्हा हळद लागायला लागली, पोरं नाचायला उठली, आणि गिटार चुकतेय की बरोबर येतेय याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

केतनच्या जिवात जीव आला. मान वर झाली, खांदे सरळ झाले. वाजवता वाजवता तो दर्शनाच्या बाजूला सरकला. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. माफी नको, पण एखादा शब्द तरी. तिने माइक तोंडापासून जरा लांब धरला आणि कान पुढे केला.

“तुझा सूर उतरतोय,” तो तिच्या कानात म्हणाला. “आणि माइक एवढा जवळ धरू नकोस, आवाज फाटतो.”

दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. डोळ्यांत उपकार केल्याचा भाव होता. तिने गाणं थांबवलं नाही. डाव्या हाताने त्याच्या गिटारची वायर ओढून काढली, जमिनीवर टाकली आणि बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. केतन थोडा वेळ तशाच मुक्या तारा छेडत राहिला. पुढचं गाणं आनंदीबाईने धरलं.